मोटार घेतांना

मोटार घ्यावयास निघालेला गृहस्थ आधीं रंग पाहतो, मग किंमत; मूल कोठें बसेल हा प्रश्न बहुधा गाडी दारांत आल्यावरच निघतो. माझ्या धाकट्या बंधूस दीड वर्षाची कन्या आहे. तो म्हणाला, “दादा, तुम्ही गणित शिकवितां; तुम्हीच सांगा.”

मीं हिशेब मांडला. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी आदळून एक दशांश सेकंदांत थांबली, तर दहा किलो वजनाचें मूल सुमारें १४० किलोंच्या ओझ्यासारखें पुढें झेपावतें. तें आवरण्याचें बळ कोणत्या मातेच्या बाहूंत आहे? आमच्या भावजयीस हें पटावयास मात्र दोन दिवस लागले. मांडी सोडणें आईला जड जातेंच.

आपल्या देशांत १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही मोटारींची परीक्षा सुरू झाली. तींत ताशीं ६४ किलोमीटर वेगानें गाडी अडथळ्यावर आदळवितात. मोठ्यांच्या रक्षणाचे तारे निराळे, मुलांचे निराळे. प्रगतिपुस्तकांतल्याप्रमाणें दोन्ही विषयांचे गुण स्वतंत्र वाचावे. शिवाय मुलांचे गुण बालासन बसवूनच ठरवितात. आसनाविना ते तारे कागदावरचेच.

अखेर बंधूनें छतांतील कांचेचा मोह सोडला. त्याच पैशांत मागें तोंड करून बसविण्याचें बालासन आलें, आणि तें मागील बाकाच्या आयसोफिक्स कड्यांत पक्कें बसलें. पुढें हवापिशवी असते. तिच्यासमोर असें आसन ठेवणें प्राणघातक. चिमुकलीनें दोन दिवस आकांत केला, तिसऱ्या दिवशीं मात्र ती त्यांतच झोंपी गेली.