हलक्या कादंबरीची बाजू

कलेसाठी कला कीं जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांचा १९३० नंतर गाजलेला वाद आम्हीं मागाहून वाचला आणि खांडेकरांचा पक्ष घेतला. गोड शेवटाच्या प्रेमकथा वाचणें हें आळशी मनाचें लक्षण, असें आम्ही घरांत बोलून दाखवीत असूं.

आमच्या वहिनींच्या उशाशीं मात्र अशीच एक जीर्ण कादंबरी असे. आमच्या आईला अर्धांगवायु झाला, तेव्हां तीन वर्षें तिची शुश्रूषा वहिनींनीं केली. रात्रीं औषध दिल्यावर त्या दिव्याशीं बसून तेंच पुस्तक पुनः उघडीत. "शेवट ठाऊक असतां पुनः काय वाचतां?" असें आम्हीं एकदां हिणवून विचारलें.

त्या म्हणाल्या, "भावजी, ठाऊक आहे म्हणूनच वाचतें. या घरांत उद्यांचें कांहींच ठाऊक नसतें."

आई गेल्यावर पुढच्या श्रावणांत वहिनींना घेऊन आम्ही भाज्यास गेलों. मळवलीस उतरून, पावसांत भिजत पायऱ्या चढलों. इसवीसनापूर्वीं दुसऱ्या शतकांत येथें कोरीव काम सुरू झालें. लेणीं एकंदर २२. त्यांतील चैत्यगृह आम्ही जाणतेपणानें समजावून देऊं लागलों: आंत कललेले अष्टकोनी खांब, छताच्या लांकडी फासळ्या, भिक्षूंचें वैराग्य. वहिनींचें लक्ष दर्शनी भागाच्या वरच्या अंगाकडे होतें. तेथें दगडांतल्या चिमुकल्या सज्जांतून स्त्री-पुरुषांचीं जोडपीं बाहेर पाहत आहेत.

"विरक्तांच्या दारावरहि जोडपीं आहेत कीं हो, भावजी!" त्या हंसून म्हणाल्या.

आम्ही निरुत्तर झालों. अशा वाचनाला आम्ही पळवाट म्हणत आलों होतों. परंतु आईनें हांक मारतांच पानांत खूण घालून वहिनी उठत. शेजारच्या खोलींत आम्ही जीवनदर्शी कादंबरी छातीवर ठेवून झोपलेले असूं. पळालें होतें कोण, हा प्रश्न आम्हीं स्वतःस पूर्वीं कधीं विचारला नव्हता.

परततांना मळवलीच्या फलाटावर वहिनींनीं पिशवींतून तेंच पुस्तक काढलें. आम्हीं तें मागून घेतलें. गाडी पुण्यास पोंचली तेव्हां चार प्रकरणें वाचून झालीं होतीं, आणि नायिकेचें पुढें काय होतें तें सांगूं नये, अशी विनंति आम्हीं वहिनींना केली होती.