अंधारी आणि मिनिटभराची वाट

मराठी भाषेला शरीर फार चांगलं कळतं. भीती वाटली की आपल्या 'काळजाचा ठोका चुकतो', वाईट बातमी ऐकली की 'छातीत धस्स होतं' आणि एकदम उठलं की 'डोळ्यांसमोर अंधारी येते'. हे सगळे वाक्प्रचार मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवले, मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतले. पण ही अंधारी नेमकी कुठून येते, हे शोधायची वेळ सत्तरी ओलांडल्यावर आली. कारण ती आमच्या घरात आली.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे हे लघवीला म्हणून उठले आणि बाथरूमच्या दाराशी कोसळले. मनगट मोडलं. ह्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. कंबरेचं हाड वाचलं हेच नशीब. येणारा-जाणारा म्हणायचा, "पाय घसरला असेल." ह्यांचंही म्हणणं तेच. पण मी दिवा लावला तेव्हा फरशी कोरडी खडखडीत होती.

आमच्या डॉक्टरांनी मग एक साधी गोष्ट केली. ह्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून पुन्हा घेतलं. झोपून १५२ वर ८४, आणि उभं राहिल्यावर मिनिटाभरात ११८ वर ७०! उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याकडे लक्ष द्यावं लागतं म्हणे. ह्यांचा तर ३४ ने उतरला होता. आजवर ह्यांचं बीपी नेहमी खुर्चीत बसवूनच मोजलं जायचं, त्यामुळे कागदावर सगळं ठीकठाक!

घरी आल्यावर मी नातवाच्या मदतीने वाचायला बसले. विज्ञान हा माझा विषय नव्हे, पण वाचता वाचता थक्क झाले. तुम्हालाही सांगते.

आपण आडवे असतो तेव्हा डोकं, हृदय आणि पाय एका पातळीत असतात. उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त खाली, पाय आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं की दाबही उतरतो. डोकं म्हणजे इमारतीचा सगळ्यात वरचा मजला. दाब कमी झाला की पहिल्यांदा तिथलंच पाणी जातं, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मग आपण रोज उठताना पडत का नाही? कारण पंपाजवळ राखणदार बसलेला असतो. गळ्यात, जबड्याच्या खाली दोन्ही बाजूंना, जिथे मोठी धमनी दुभंगते तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, असे दाब ओळखणारे चेतातंतू असतात. धमनीची भिंत ताणली गेली की ते मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला भराभर संदेश पाठवतात. दाब उतरला, ताण कमी झाला की संदेश विरळ होतात. तेवढ्यावरून मेंदू समजून जातो!

मग पहिलं काम होतं ते ब्रेक सोडण्याचं. तरुण माणसाचं हृदय मोकळं सोडलं तर मिनिटाला शंभराच्या आसपास धावेल. व्हेगस नावाची चेता त्याला सतत लगाम घालून सत्तरच्या जवळपास ठेवते. उभं राहताच हा लगाम सैल होतो आणि एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढते. पाठोपाठ दुसऱ्या चेतांचा हुकूम सुटतो आणि पायांतल्या, पोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. याला मात्र काही सेकंद लागतात. शाळेत शिकतो ती 'प्रतिक्षिप्त क्रिया' हीच. गरम तव्यावरून हात मागे घेतो तशी, फक्त ही कुणाला दिसत नाही.

गळ्यापाशी दाबलं की नाडी मंदावते, हे वैद्यांना पूर्वीपासून माहीत होतं. ही करामत धमनीतल्या त्या जागेची आहे, हे १९२० च्या दशकात हेरिंग या शास्त्रज्ञाने दाखवलं. पुढे याच जागांचा श्वसनाशी असलेला संबंध शोधल्याबद्दल बेल्जियमच्या हेमान्स यांना १९३८ सालचं नोबेल मिळालं. (घरी गळा दाबून बघायच्या भानगडीत मात्र पडू नका, चक्कर येऊ शकते.)

हे वाचताना मला शाळेचं मैदान आठवलं. पंधरा ऑगस्टला भाषणं लांबली की एखादी मुलगी हमखास कोसळायची. 'सावधान'मध्ये पोटऱ्या हलत नाहीत. चालताना याच पोटऱ्या रक्त पिळून वर ढकलत असतात, ते बंद पडतं. अशा वेळी कधीकधी राखणदाराचाच उलटा हुकूम सुटतो, नाडी मंदावते, वाहिन्या सैल पडतात आणि पोर जमिनीवर. आमच्या पीटीच्या सरांचा शिरस्ता असा, की तिला उचलून खुर्चीत बसवायचं नाही. आहे तिथेच आडवं ठेवायचं, पाय जरा वर धरायचे आणि भोवतीचं कडं मोडायचं. बरोबरच होतं ते. आडवं पडणं हाच त्यावरचा उपाय आहे. मिनिटाभरात पोरगी डोळे उघडायची.

म्हातारपणाची गोष्ट वेगळी. धमन्यांच्या भिंती ताठरतात, ताण नीट कळत नाही, म्हणून निरोप उशिरा आणि अर्धवट जातो. हृदयही पहिल्यासारखं चटकन धावत नाही. तहान कमी लागते म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. त्यात बीपीची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी, दोन्ही वाहिन्या सैल करणाऱ्या! राखणदाराने आवळायचं म्हटलं तरी आवळणार कशा?

गोळ्या बंद करून टाकाव्यात असं मला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "काकू, बीपी मोकाट सोडलं तर पक्षाघाताची भीती, फार दाबलं तर पडायची भीती. मधली वाट काढू या." त्यांनी एका गोळीचा डोस कमी केला. स्वतःच्या मनाने यातलं काही करू नका, असं बजावून सांगितलं. तेच तुम्हालाही सांगते.

बाकीचं काम ह्यांचं होतं. "काका, उठताना घाई नको," डॉक्टर म्हणाले. त्यावर हे म्हणाले, "अहो, आयुष्यभर पाचच्या ठोक्याला ताडकन उठणारा माणूस मी!" जाग आल्यावर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मिनिटभर थांबायचं, मग आधार धरून उभं राहायचं. लघवीलाही बसूनच. जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं, म्हणून तेव्हाही सावकाश. एवढंच. पण ताडकन उठणाऱ्या माणसाला ते मिनिट जड जातं. सुरुवातीला ह्यांना तो अपमान वाटायचा.

मला तसं वाटत नाही. सत्तरहून अधिक वर्षं दिवसातून कितीतरी वेळा आपण उठलो, आणि कुणीतरी आत बसून, न सांगता, न चुकता, रक्त वर चढवत राहिलं. आपल्याला पत्ताही नव्हता. आता त्याचेही हातपाय थकलेत. त्याला एक मिनिट द्यायला काय हरकत आहे?

आणि हो, घरात कुणी सत्तरीपुढचं असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढं जरूर म्हणा, "एकदा उभं राहूनही बीपी बघता का?" दोन-चार मिनिटांचं तर काम आहे.