अण्णांचे बारा फोटो

अल्बम सध्या माझ्या कपाटात आहे. काळ्या जाड पानांचा, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याच्या नक्षीचा कुरकुरीत पातळ कागद, आणि प्रत्येक फोटोला चिकटवलेले चार कोपरे. त्यातली मधली तीन पानं आमच्या घरात 'विमानाची पानं' म्हणून ओळखली जातात. मुंजीचे, लग्नाचे, गड्ड्याच्या जत्रेत पडद्यासमोर उभं राहून काढलेले फोटो कुणी बघो न बघो, अल्बम हातात घेतला की तो आपोआप तिथेच उघडतो. बांधणीच तिथे सैल झाली आहे.

आम्ही सख्खी-चुलत मिळून सात भावंडं. सोलापूरला उत्तर कसब्यात दोन खोल्या, एक ओसरी आणि वर पत्र्याची माळवदवजा गच्ची एवढ्यात वाढलो. आजोबा कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर होते. भोंग्यावर घर उठायचं आणि भोंग्यावरच जेवायचं. थोरले काका, म्हणजे अण्णा, हवाई दलात इंजिन फिटर. 1960 च्या दशकात त्यांची नेमणूक पुण्याला लोहगावच्या तळावर, 6 नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होती. त्या स्क्वाड्रनकडे लिबरेटर विमानं होती. समुद्रावर दूरवर टेहळणी करायचं काम त्यांच्याकडे होतं. चार इंजिनांचं, दोन शेपट्यांचं ते अवाढव्य धूड दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अठरा हजारांहून जास्त संख्येने बनवलं होतं, आणि जगाने ते मोडीत काढल्यावरही आपल्याकडे ते उडत होतं.

ते आपल्याकडे कसं आलं, ही गोष्ट अण्णांकडून आम्ही गच्चीवर इतक्या वेळा ऐकली आहे की आजही सातांपैकी कुणालाही अर्ध्यातून उचलून पुढे सांगता येईल. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांनी ही विमानं कानपूरला टाकून दिली. अमेरिकेशी झालेल्या कराराप्रमाणे ती दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ द्यायची नव्हती, म्हणून त्यांची मोडतोड करून ठेवली होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं तिथे गेली, एकाचा भाग दुसऱ्याला लावत त्यांनी विमानं कशीबशी उडण्याजोगी केली. मग जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती एकेक करून बंगळूरला नेली. चाळीसच्या आसपास विमानं अशी नेली गेली. तिथे त्यांची खरी दुरुस्ती झाली आणि 1948 च्या शेवटापासून ती हवाई दलात दाखल झाली. "मोडून ठेवलेलं होतं रे," अण्णा म्हणायचे, "मुद्दाम मोडलेलं." 'मुद्दाम' हा शब्द ते फार हळू उच्चारायचे. आजोबांना ही गोष्ट सगळ्यात जास्त पटायची, कारण मिलमध्ये त्यांचा जन्म जुन्या विलायती साच्यांना नवे भाग बसवण्यात गेला होता.

1967 च्या ऑक्टोबरात अण्णांचं पत्र आलं. तळावरच्या माणसांच्या घरच्यांना एक दिवस आत येऊन विमानं बघायला मिळणार होती, आणि लिबरेटर उडवूनही दाखवणार होते. दसरा तोंडावर होता. आजोबांनी मिलमधून दोन दिवसांची रजा टाकली. आम्ही रात्रीच्या पॅसेंजरने निघालो, शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि दह्याचा गडू घेऊन.

आजी मात्र यायला तयार नव्हती. तिच्या लेखी विमान म्हणजे 1948 चा सप्टेंबर. त्या दिवसांत सोलापुरात निजामाच्या हद्दीतल्या नळदुर्ग, तुळजापूरकडून घरदार सोडून आलेली माणसं जागोजागी उतरली होती. आमच्या ओसरीवरही एक कुटुंब चार महिने राहिलं होतं. 13 सप्टेंबरला भारतीय लष्कराच्या मेजर जनरल चौधरींची मुख्य फौज सोलापूरकडूनच हैदराबादच्या दिशेने निघाली, पहाटेच नळदुर्गचा पूल ताब्यात घेतला, आणि पुण्याहून टेंपेस्ट विमानं मदतीला येत होती. पाच दिवसांत सगळं संपलं. पण आजीला आठवत होता तो आवाज. तो आला की ती पोरांना घेऊन उतरंडीमागे बसायची. विमान आपलं की त्यांचं हे कानाला कुठे कळतंय, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी अण्णांनी वेगळं पत्र तिच्या नावाने पाठवलं. त्यात एकच ओळ होती: मी ज्याला हात लावतो ते तू एकदा बघून जा. ती निघाली.

अण्णांकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. त्या दिवसापुरती फोटोंना परवानगी होती, तीही आखून दिलेल्या जागेत. बारातले नऊ फोटो नीट आले, आणि ते नऊच्या नऊ अल्बममध्ये आहेत. उरलेले तीन अण्णांनी टाकून दिले नाहीत. ते शेवटच्या पानामागे एका पाकिटात आहेत. म्हणून आम्ही त्यांना बारा फोटोच म्हणतो.

पहिल्या फोटोत आम्ही सातही जण शेपटाजवळ रांगेत उभे आहोत. विमानाच्या अंगावर 'एच ई' ही अक्षरं दिसतात, पण पुढचे आकडे बापूच्या डोक्यामागे गेले आहेत. बापू सगळ्यांत धाकटा. त्याला नीट दिसावं म्हणून दादाने त्याला खांद्यावर घेतलं होतं. दुसऱ्या फोटोत पोटाखालचं दार उघडं आहे. या विमानाची बाँबकप्प्याची दारं खाली उघडत नसत, दुकानाच्या शटरसारखी गुंडाळली जाऊन अंगाच्या बाजूने वर सरकत. हे पाहून सोलापूरची बाजारपेठ आठवून ताई "अगं बाई, नवी पेठ!" असं मोठ्याने म्हणाली होती, आणि अण्णांबरोबरचे सगळे फिटर हसले होते. आत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला वीतभर रुंदीची पट्टी, तिच्यावरून एकेकाने पाय जपून टाकत जायचं. आम्हाला आत नेलं नाही. खालूनच वाकून बघितलं.

चौथा फोटो आजोबांचा. पंखाखालच्या मोठ्या चाकाशी ते उभे आहेत, डोक्यावर टोपी, एक हात टायरवर. चाक त्यांच्या छातीला लागतं.

मग सुरू करण्याची तयारी. त्याचे दोन फोटो आहेत, दोन्हींत दोन-दोन माणसं पंख्याच्या पात्याला खांदा लावून ते फिरवताहेत. इंजिनाचे चौदा सिलिंडर चक्राकार लावलेले असतात. विमान उभं राहिलं की तेल उतरून खालच्या सिलिंडरांत साठतं. तसंच सुरू केलं तर साठलेलं तेल दाबलं जात नाही आणि आतला दांडा वाकतो. म्हणून आधी पाती हाताने फिरवून घ्यायची. चार इंजिनं, प्रत्येकाची तीन पाती, हे काम अण्णा रोज करत होते. त्यांच्या उजव्या खांद्यावर त्याचा घट्टा होता. तो आम्ही लहानपणी बोटाने दाबून बघत असू.

इंजिनं एकेक करून सुरू झाली. पांढरा धूर मागे गेला, गवत जमिनीला टेकलं. आजीने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत तिथे चार बोटं उमटलेली होती. विमान लांबवर गेलं, वळलं, आणि मग आमच्या अंगावर येतंय असं वाटेल इतक्या खालून निघून गेलं.

त्या क्षणाचा फोटो म्हणजे सातवा. कॅमेऱ्याचा वेग इतका मंद की लिबरेटर तिथे नाहीच. एका लिंबाच्या झाडावर राखाडी फराटा आहे. खाली सगळ्यांची तोंडं वर, एकाचंही कॅमेऱ्याकडे नाही. या फराट्यावरून आमच्या घरात पन्नास वर्षं वाद झाला आहे. दादा म्हणतो, विमान डावीकडून उजवीकडे गेलं. ताई म्हणते, उलट. मला आठवतं की विमानाच्या पोटाखालचं शटर उघडं होतं आणि आतला अंधार दिसला. बाकी कुणालाच हे आठवत नाही. मी ते बघितलं आहे.

आजोबा मात्र वर बघण्यापेक्षा ऐकत होते. चार इंजिनांचा आवाज एकसारखा येत नव्हता. तो घूं घूं असा लाटेने चढत उतरत होता. "चारी साचे एका ठेक्यात नाहीत," ते अण्णांना म्हणाले. अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी सांगितलं की इंजिनांचे फेरे थोडे कमीजास्त असले की असा आवाज येतो, आणि वर बसलेला माणूस कानाने ऐकत एकेका इंजिनाचा वेग जुळवत जातो, घूंकार संपेपर्यंत. दुसऱ्या फेरीला विमान आलं तेव्हा आवाज सरळ, अखंड होता. आजोबांनी मान डोलावली. सोलापूरला परतल्यावर ते साचेखात्यात आठवडाभर हेच सांगत होते.

पुढच्याच वर्षी, 1968 संपताना, लिबरेटर निवृत्त झाली. जगात बहुतेक सगळी भंगारात गेलेली असल्यामुळे आपल्याकडची धडधाकट विमानं संग्रहालयांना हवी होती. एक कॅनडाला गेलं. एक 1969 मध्ये पुण्याहून उडत थेट अमेरिकेत ॲरिझोनातल्या टक्सनला पोचलं. एक 1974 मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. ते बघायला अण्णा निवृत्तीनंतर मुद्दाम जाऊन आले. आल्यावर दोन दिवस फारसं बोलले नाहीत. टायरमध्ये हवा आहे, एवढंच आजीला सांगितलं.

बापू शिकून अमेरिकेला गेला, न्यू जर्सीत राहिला. 2003 च्या उन्हाळ्यात त्याच्या घराजवळच्या छोट्या विमानतळावर जुनी लढाऊ विमानं येणार अशी पाटी लागली. तिकडे त्यांना वॉरबर्ड म्हणतात. कॉलिंग्ज फाउंडेशन नावाची संस्था ती गावोगाव नेऊन उडवून दाखवायची. मुलांना घेऊन बापू गेला. कुंपणाच्या आत दोन मोठी विमानं उभी होती. एक बी-17, आणि दुसरं दोन शेपट्यांचं. त्याच्या अंगावर नाकापासून शेपटापर्यंत एक भलामोठा ड्रॅगन रंगवला होता. रंग वेगळा, चित्र वेगळं, पण खाली शटरचं दार. बापूच्या म्हणण्याप्रमाणे त्याने माहितीपत्रक वाचायच्या आधीच ओळखलं. पत्रकात लिहिलं होतं: 1944 साली टेक्सासच्या कारखान्यात तयार झालं, ब्रिटिशांकडे गेलं, भारतात टाकून दिलं गेलं, भारतीय हवाई दलाने ते दुरुस्त करून 1968 पर्यंत वापरलं. पुढे 1981 मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने घेतलं, त्याच्याकडून अमेरिकेत आलं, आणि 1989 मध्ये पुन्हा उडालं.

त्या डिसेंबरात बापू सोलापूरला आला तेव्हा सामानात छत्तीस रंगीत फोटो होते. अण्णा तेव्हा सत्तरीला टेकले होते. ओसरीवर दुपारच्या उन्हात पाट मांडून त्यांनी एकेक फोटो भिंगाखाली धरला. ड्रॅगनकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. ते इंजिनाखालची जमीन बघत होते. एका फोटोत चारही इंजिनांखाली धातूची तबकं ठेवलेली होती, आणि त्यांत काळं तेल.

"गळतंय," अण्णा म्हणाले. "म्हणजे चालू ठेवलंय त्यांनी."

मग त्यांनी काळा अल्बम मागवला आणि पाती फिरवण्याचा फोटो काढला. तिथेही इंजिनाखाली तबकं होती, रॉकेलचे डबे आडवे कापून केलेली. इतकी वर्षं बघूनही आम्हा कुणाला ती कधी दिसली नव्हती. बापूच्या फोटोतलं विमान आणि आमच्या पहिल्या फोटोतलं विमान एकच होतं का, हे ताडून बघायला आकडे हवे होते, आणि आकडे बापूच्या डोक्यामागे होते. अण्णांना मात्र शंका नव्हती. लोहगावला जेवढी होती तेवढ्यांना कधी ना कधी माझा हात लागलाय, असं ते म्हणाले, आणि रंगीत फोटोंतले तीन त्यांनी आपल्या उशीखाली ठेवले. अण्णा 2011 मध्ये गेले.

2019 च्या 2 ऑक्टोबरला बापूचा रात्री फोन आला. त्या संस्थेचं बी-17 कनेटिकटमध्ये पडलं होतं, सात माणसं गेली होती. त्यानंतर त्यांचे गावोगावचे दौरे बंद पडले, आणि आमचं विमानही जमिनीवर राहिलं. बापू बराच वेळ फोनवर होता. अण्णा नाहीत ते बरं, असं तो एकदा म्हणाला आणि मग तसं नाही असंही म्हणाला.

सोलापुरात होटगी रस्त्याच्या आमच्या विमानतळाचीही कथा मोठी आहे. साखर कारखान्याची विमानांना आडवी येणारी चिमणी 2023 मध्ये पाडली, आणि 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. ताईची नात त्याच विमानाने दिवाळीला आली. दहा वर्षांची आहे. तिला घ्यायला आम्ही पाच म्हातारी भावंडं गेलो होतो आणि विमान उतरताना पाचही जण गप्प होतो. इंजिनं दोनच, पंख्यांचीच. आवाज एका ठेक्यात होता.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी अल्बम निघाला. पोरीने फोनने फोटोंचे फोटो घेतले आणि दोन बोटांनी मोठे करून बघू लागली. फराट्यापाशी ती थांबली नाही. आजोबांच्या फोटोपाशी थांबली.

"खापरपणजोबांच्या हाताखाली हे पांढरं काय आहे? टायरवर?"

आम्ही सगळे वाकलो. टायरच्या वरच्या अंगाला, आजोबांच्या बोटांच्या फटीत, एक छोटा पांढरा गोळा होता. ताईने चष्मा पुसला. मग तिला आठवलं. पुण्याला निघताना आजोबांनी सदऱ्याच्या खिशात झेंडू घेतला होता. खंडेनवमीला ते साच्याला वाहायचे, तसा.