एफ-वनची कळ

सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे काढलेल्या मनुष्यास एक विद्या आपोआप साध्य होते. समोर आलेल्या कागदावर 'पाहिले' असा शेरा मारून तो पुढच्या टेबलाकडे सरकवणे, ही ती विद्या. कागदात काय आहे ते कळले नाही तरी चालते. तो आपल्या टेबलावर राहिला नाही म्हणजे झाले. या विद्येत आमची गती बरी आहे, असे आमचे वरिष्ठ म्हणतात. परंतु तीच विद्या आम्ही घरीही चालवीत होतो, हे आम्हांस एका जुन्या संगणकाने दाखवून दिले.

हा संगणक मूळचा आमच्या तीर्थरूपांचा. २००७ साली, आम्ही बारावीत असताना, साताऱ्याच्या कोषागारात कारकुनी करणाऱ्या अण्णांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन तो आणला. पुढे आम्ही पदवीधर झालो, केंद्र सरकारच्या सेवेत लागलो आणि नागपूर, भोपाळ करीत कोलकात्यास येऊन पडलो. संगणक साताऱ्यासच राहिला. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा अण्णांना आम्ही इकडे आणले. सामान बांधताना त्यांनी दोनच वस्तूंचा हट्ट धरला: हा संगणक आणि आईची पाककृतींची वही. वहीची पाने तेलाने माखून शाई फिकी पडली आहे, आणि आईच्या अक्षराची वळणे अण्णांवाचून कोणास लागत नाहीत. ती लागतात तोवर वही टंकून ठेवावी, एवढे एकच काम त्यांनी हाती घेतले होते.

यंत्र फार मंद झाले होते. एक ओळ टंकली की ती पडद्यावर उमटेपर्यंत अण्णा चष्मा पुसून घेत. येथील चांदनी चौकाच्या बाजारात संगणकाचे जुने सुटे भाग मिळतात. तेथून आम्ही त्याच खोबणीत बसणारा, परंतु मागाहून बनलेला एक वापरलेला प्रोसेसर आणला आणि स्वहस्ते बसवला. कळ दाबताच काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली: 'सीपीयू यूकोड लोडिंग एरर. प्रेस एफ-वन टू रिझ्यूम.' आम्ही एफ-वन दाबले. यंत्र सुरू झाले, आणि पूर्वीपेक्षा चपळाईने चालू लागले. झाले! त्या दिवसापासून रोज सकाळी कचेरीस निघण्यापूर्वी यंत्र सुरू करायचे, संदेश आला की एफ-वन दाबायचे आणि डबा उचलायचा, असा क्रम पडला. 'पाहिले', आणि पुढे सरकवले.

असे साडेचार महिने गेले. मग मार्चअखेर आली. हिशेब पुरे करण्यासाठी आम्ही सकाळी सातलाच घर सोडू लागलो, आणि ती कळ दाबावयाची राहून गेली. एका रविवारी सहज अण्णांच्या टेबलाकडे दृष्टी गेली. आईची वही सांडग्यांच्या पानावर उघडी होती. मागच्या रविवारीही ती त्याच पानावर होती, हे आम्हांस आठवले.

"अण्णा, काम थांबलंय का?"

"अरे, माझ्या हातून काहीतरी बिघडलं बघ," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "तुझी मार्चअखेर चाललीय, म्हणून बोललो नाही."

आम्ही हसलो. ऐटीत पुढे होऊन एफ-वन दाबले. यंत्र सुरू झाले. अण्णा मात्र हसले नाहीत. पडद्याकडे पाहत त्यांनी विचारले, "म्हणजे, तुला हे रोज दिसत होतं?"

आठ दिवस तो गृहस्थ काळ्या पडद्यापुढे स्वतःस दोषी समजून बसला होता, आणि त्याचे उत्तर आमच्या एका बोटात होते. आम्हांस त्या प्रश्नास उत्तर देता आले नाही. दुरुस्ती करावयाचीच, असे मात्र ठरवले.

प्रथम आम्हांस बॅटरीचा संशय आला. मदरबोर्डावर नाण्याएवढी एक ३ व्होल्टची बॅटरी असते. तिचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून तिचे नाव सीआर-२०३२. ती निकामी झाली की यंत्र आपली मांडणी विसरते आणि घड्याळ मागे जाते. आमचे घड्याळ मागे जातच होते. बॅटरी बदलली, तारीख ठीक राहू लागली, परंतु संदेश हलला नाही. मग प्रोसेसर नीट बसला नसेल असे वाटले. पंखा उतरवला, वाळलेला लेप पुसून नवा लावला, आणि खोबणीतील ७७५ बारीक टोकांपैकी एखादे वाकले आहे काय, हे अण्णांचे वाचनाचे भिंग घेऊन पाहिले. एकही वाकले नव्हते.

शेवटी चांदनीतील त्या दुकानदारास फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला: त्या संदेशाच्या वर, पहिल्या ओळींत, बायॉसची आवृत्ती आणि तारीख कोणती दिसते? आम्ही गप्प झालो. तो पडदा आम्ही साडेचार महिने पाहिला होता, परंतु वरची ओळ एकदाही वाचली नव्हती. तेवढ्यात अण्णांनी वहीतून एक चिठ्ठी काढून पुढे केली. त्या आठ दिवसांत त्यांनी पडद्यावरील अक्षर न् अक्षर आपल्या कोषागारी वळणात उतरून ठेवले होते. खाली दिनांकही घातला होता.

चिठ्ठी वाचून दाखवताच दुकानदाराने निदान सांगितले. आम्ही पुढे वाचून घेतले ते असे: प्रोसेसरच्या पोटात एक बारीक आज्ञावली असते, ती प्रत्येक मोठ्या आज्ञेची लहान लहान पावले पाडून देते. ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली मांडली. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील चूक थॉमस नाइसली या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकांनी उघडकीस आणली. चूक सिलिकॉनमध्येच कोरलेली, म्हणून प्रोसेसर बदलून द्यावे लागले. त्यापायी कंपनीस ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा भार सोसावा लागला. १९९५ सालच्या पेंटियम प्रोपासून अशा आज्ञावलीत मागाहून दुरुस्ती घालण्याची सोय झाली. मौज अशी की, ही दुरुस्ती प्रोसेसरच्या स्मरणात राहत नाही. वीज गेली की ती पुसली जाते. म्हणून दररोज सुरुवातीस बायॉसने प्रोसेसरास त्याची ओळख विचारावी, आपल्या यादीत त्याच्या नावची दुरुस्ती शोधावी आणि त्यास ती पढवावी, असा नियम आहे. आमच्या बायॉसची यादी २००७ सालची, प्रोसेसर २००९ सालचा. यादीत त्याचे नावच नव्हते.

अण्णा हे लक्षपूर्वक ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे माणूस बदलून आलाय, कामही नीट करतोय, पण त्याचा एल.पी.सी. आलेला नाही. म्हणून रोज सकाळी विचारतात, तुम्ही कोण?"

बदलीनंतर एल.पी.सी. न आल्यामुळे दोन महिने पगाराविना काढलेल्या वाचकांस या वाक्याचे मर्म सांगावयास नको. आम्हांस मात्र त्यात निराळेच काही ऐकू आले. अण्णांना या शहरी येऊन दोन वर्षे झाली होती. आमच्या इमारतीत त्यांना नावाने ओळखणारे कोण होते? आम्ही तरी त्यांना कोणाकडे घेऊन गेलो होतो? त्यांचे जेवण, औषध, संगणक यांची व्यवस्था लावली, आणि रोज सकाळी एफ-वन दाबून निघून गेलो.

बायॉसची नवी आवृत्ती मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडून उतरवून पेनड्राइव्हवर घेतली. ती चढवताना मध्येच वीज गेली, तर मदरबोर्ड कायमचा बसण्याची भीती असते. म्हणून वरच्या मजल्यावरील रेल्वेतून निवृत्त झालेल्या दादांकडे यूपीएस मागितला. यूपीएसबरोबर दादाही खाली आले. रविवारी पहाटे आम्ही तिघे पडद्यापुढे बसलो. पांढरी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती, आणि कोणी बोलत नव्हते. पट्टी संपली. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले. या खेपेस त्याने प्रोसेसरचे नाव बिनचूक सांगितले, आणि काही न विचारता पुढे गेले.

दादांनी हिंदीत विचारले, यात एवढे जपण्यासारखे काय आहे? अण्णांनी त्यांना सांडग्यांचे पान दाखवले, आणि डाळ वाटून उन्हात कशी वाळवतात ते मोडक्या हिंदीत नि हातवाऱ्यांनी सांगू लागले. दादा मध्येच उद्गारले, "अरे, ही तर आमची बोडी!" आणि त्यांची माता हिवाळ्यात गच्चीवर ती कशी घालीत असे, हे सांगण्यात त्यांचा चहा निवून गेला. आम्ही उठून दुसरा चहा टाकला.

आता संदेश येत नाही. अण्णा आपले यंत्र आपणच सुरू करतात. वही लोणच्यांपर्यंत आली आहे. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून त्यांना हाक येते, ती त्यांच्या नावाने. आमचे बोट मात्र सकाळी डबा उचलण्यापूर्वी अजून सवयीने त्या कळेकडे जाते. मग आम्ही ते मागे घेतो, आणि अण्णांजवळ दोन मिनिटे बसून, काल काय टंकले ते वाचून जातो.