अकरा महिन्यांचा कागद

खामगाव, १८ मे २०२५, रविवार

पुण्याला वाकडच्या आमच्या फ्लॅटमधलं भाडेकरू कुटुंब महिनाअखेर जातंय. एजंटचा फोन आला: "काकू, आयटीतला मुलगा आहे, एकटा. बावीस हजार देतो, पण करार सहाच महिन्यांचा मागतोय." लेक म्हणतो, तेहतीस महिन्यांचा करून मोकळी हो. शेजारच्या भाऊंचं तिसरंच: "कागदच कायले करता? कागद केला म्हंजे तो बसलाच समजा."

२० मे, मंगळवार

भाऊंची भीती हवेतली नाही. आमच्याकडे वावर मक्त्यानं देतात ते अजूनही एका सालापुरतं, आणि बहुतेक तोंडी. विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्याची धास्ती! घरांचंही तसंच होतं. इथे १९४९ चा सी.पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश चालायचा. भाडेकरूला नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागे.

३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जो हलत नाही, त्याला बाहेर काढण्याची वाट कलम २४ मध्ये आहे, वर दुप्पट आकारणी. मात्र कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य, खोट्या ठरवायच्या आपण. भाऊंना हे ऐकवलं. पटलं नाही.

२४ मे, शनिवार

अकराच महिने का? वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, हा १९०८ च्या नोंदणी कायद्याचा नियम. तो चुकवायला अकरा. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, तरी लोक अकराच धरून बसलेत.

वहीत हिशोब मांडला. मुद्रांक शुल्क पाव टक्का, मुदतीच्या प्रमाणात. त्यात फरक नाही. नोंदणी फी दर खेपेला हजार. तीनदा अकरा करण्याऐवजी एकदम तेहतीस केले तर दोन हजार वाचतात, बस. घर महिनाभर रिकामं राहिलं तर बावीस हजार बुडतात, शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स आहेच. सहा महिन्यांचा करार नोव्हेंबरअखेर संपणार, आणि घर शोधणाऱ्यांची झुंबड असते जून-जुलैत. अकरा महिने एप्रिलअखेर संपतात. मे महिना रंगकामाला, दुरुस्तीला मिळतो. कायद्यात अकराला आता कारण उरलेलं नाही, जूनमध्ये आहे. तेहतीस नकोत, लेकाचं परत यायचं अजून ठरत नाही.

२७ मे, मंगळवार

त्या आयटीतल्या मुलाशी स्वतःच बोलले. अकरा महिने, पहिले सहा लॉक-इन, पुढे एक महिन्याची नोटीस. "लॉक-इन दोघांनाही ना, काकू?" त्यानं विचारलं. हो म्हटलं. एजंटच्या मसुद्यात ते फक्त भाडेकरूला होतं, बदलायला लावलं. सहा महिन्यांनी जायचं तर तो जाईल. निदान महिनाभर आधी कळेल.

१ जून, रविवार

नोंदणी ऑनलाइन, आधारवर अंगठा. शेगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला जायचं टळलं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरायची राहिलीय, ती उद्या. मुलाचा मेसेज आलाय: बाल्कनीला कबुतरांची जाळी लावू का, आणि खर्च कोणाचा? करारात याबद्दल काहीच नाही. अर्धा-अर्धा कळवलं.