वारा देवासचा, ऊन बालाघाटचे

बालाघाट म्हटले की आपल्या आप्तेष्टांना धान आणि मँगनीज या दोनच गोष्टी आठवतात. गावाजवळच्या भरवेलीच्या खाणीची गणना आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत होते. १८९६ साली एका ब्रिटिश कंपनीने आरंभलेला हा मध्य प्रांतातील व्यवसाय आज नागपूरच्या ‘मॉयल’ या सरकारी कंपनीकडे आहे. जमिनीखाली माणूस उतरवायचा तर हवा खाली न्यावी लागते आणि पाणी वर उपसावे लागते. विजेवाचून घटकाभरही चालत नाही. या कंपनीने देवास जिल्ह्यातील नागदा व रातेडी टेकड्यांवर एकूण २० मेगावॉट क्षमतेच्या पवनचक्क्या उभारल्या, त्यालाही आता दीड दशकाहून अधिक काळ लोटला. पावसाळ्यात खाणींतील पंप अधिक राबतात आणि मोसमी वाऱ्यांचा जोरही त्याच महिन्यांत असतो. हा मेळ मी वर्गात मोठ्या हौसेने सांगतो.

मात्र पवनचक्कीने वाचवलेल्या कोळशाचे पुण्य फार उशिरा पदरी पडते. मे महिन्यातले ऊन तोवर थांबत नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील येथील एका धानगिरणीत हमाल आहेत. मागील उन्हाळ्यात भर दुपारी पोती चढवताना ते घेरी येऊन पडले. खिशात कांदा होता. आमच्याकडे तेवढ्यावर पुष्कळांची भिस्त असते. मी भेटीस गेलो तेव्हा सहज म्हणून गेलो, “सावलीत घटकाभर बसावे की हो!” त्यावर ते म्हणाले, “गुरुजी, मजुरी पोत्यामागं आहे. बसलो तर कोण देणार?” एम. ए. होऊन इतकी वर्षे झाली, तरी इतका साधा हिशेब माझ्या ध्यानात आला नव्हता, याची मला लाज वाटली.

कारखाने नव्या हवामानास कसे तोंड देतात याची चर्चा यंत्रांभोवती फिरते. विश्रांतीच्या तासाची मजुरी कोणाच्या खात्यावर पडावी, हा प्रश्न तीत क्वचितच येतो.

पुढे मालकांनी कामाची वेळ पहाटे पाच ते अकरा आणि मग सायंकाळी अशी केली, दाराशी थंड पाण्याचे माठ ठेवले. दुपारी पोती तशीही कमीच चढतात, असे ते मला म्हणाले. त्यात दया किती आणि व्यवहार किती, हे मी विचारले नाही. मजुरी बुडाली नाही, एवढे खरे. परगावचा ट्रक दुपारी येऊन उभा राहिला, तर मात्र वेळ अजूनही ट्रकचीच असते.