मराठी मुलखातली अमेरिकन बिऱ्हाडे

अमेरिकेतून मराठी मुलखात राहायला आलेले पहिले मिशनरी जोडपे म्हणजे सॅम्युअल आणि रॉक्साना नॉट. फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईत उतरले. बरोबर गॉर्डन हॉल हा तरुण पाद्री होता, अजून अविवाहित. मुंबई त्यांच्या बेतात नव्हतीच. १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा दिली आणि त्याच महिन्यात दोन जहाजांनी त्यांची कलकत्त्याला रवानगी केली. नॉट आणि हॉल यांचे जहाज ‘हार्मनी’ फिलाडेल्फियाहून निघाले ते आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून ऑगस्टमध्ये कलकत्त्याला लागले.

तिथे कंपनी सरकारने त्यांना उभे राहू दिले नाही. कंपनीच्या मुलखात परवान्यावाचून राहता येत नसे आणि धर्मोपदेशकांनी लोकांना डिवचलेले सरकारला नको होते. त्यातच त्या जूनमध्ये इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात लढाई पेटल्याने हे पाहुणे शत्रुराष्ट्राचेही ठरले. मंडळी पांगली. दुसऱ्या जहाजाने आलेली हॅरिएट न्यूवेल मॉरिशसला जाताना समुद्रावरच बाळंत झाली, मूल दगावले आणि नोव्हेंबरात बेटावर तीही गेली. तिचे वय १९ होते. नॉट आणि हॉल यांनी मुंबईची वाट धरली.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने त्यांच्या बाजूचे, पण वरून आलेला हुकूम या लोकांना इंग्लंडला पाठवून देण्याचा होता. नोव्हेंबर १८१३ मध्ये दोघे पुरुष जहाजाने कोचीनपर्यंत निसटले आणि तिथून पुन्हा मुंबईला आणले गेले. चूल मांडावी की पेटारे बांधावेत, अशा अवस्थेत ते वर्ष सरले. कंपनीच्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली तेव्हा कुठे पाय टेकायला जागा झाली. नॉट जोडप्याला तिचा उपयोग फारसा झाला नाही. सॅम्युअल नॉट यांची प्रकृती ढासळली आणि १८१५ मध्ये दोघे परत गेले. अमेरिकेत मात्र सॅम्युअल १८६९ पर्यंत जगले. मुंबईत राहिलेल्यांपैकी कोणाला असे आयुष्य लाभले नाही.

राहायला जागा मिळाली की पुढचे काम भाषेचे. हाताशी होते ते विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून छापलेले १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा कोश. कोशातले मराठी शब्द मोडीत होते. मोल्सवर्थचा मोठा कोश यायला १८३१ साल उजाडले. त्यामुळे खरी भिस्त पंतोजीवर. रोज ठरल्या वेळी पंतोजी यायचे आणि तीस वर्षांच्या साहेबाला मुळाक्षरांपासून बसवायचे. इंग्रजी जिभेला ‘त’ आणि ‘ट’ एकच. ‘दात’ आणि ‘दाट’ यांतला फरक आधी कानाला कळायचा, जिभेला कितीतरी उशिरा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही तर उपदेशकाची खास अडचण. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने, ऐकणाऱ्याला आपल्यात धरायचे की वेगळे ठेवायचे, हे प्रत्येक वाक्याला ठरवावे लागे. आणि प्रवचनात तर सगळा प्रश्न तोच असे. बायकांची शिकवणी वेगळ्या तऱ्हेची. पंतोजींकडून पुस्तकी मराठी, आणि स्वयंपाकी, भिस्ती, आया यांच्याकडून बोलण्यातले. घर चालायचे ते दुसऱ्या मराठीवर.

नोकरांची रीत हा न्यू इंग्लंडच्या बायकांना पहिला धक्का. तिकडे शेतकऱ्याघरची मुलगी दूध काढण्यापासून साबण करण्यापर्यंत सगळे हाताने करी. इथे पाणी भरणारा केर काढत नाही, केर काढणारा ताटाला हात लावत नाही, कपडे धोब्याकडे. चार माणसांच्या घराला पाच-सहा नोकर लागत. जातिभेदावर बोलायला आलेल्या माणसांचे घरकाम असे जातींच्या वाटणीवरच चालत होते, आणि त्याला त्यांच्याकडे इलाज नव्हता. पावाचीही गंमतच. न्यू इंग्लंडच्या त्या पिढीत दारूबंदीची चळवळ जोरात होती आणि मिशनरी घरे तिच्यात पुढे. मुंबईकडे पावाचे पीठ फुगवायला वापरत ती मात्र ताडी. मुंग्यांपासून बचाव म्हणून जेवणाच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे आणि वाट्या कोरड्या पडू नयेत याकडे लक्ष द्यायचे, ही इकडे येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या गृहिणीला पहिल्या आठवड्यात मिळणारी शिकवण.

१८३४ पासून मुंबईत बर्फ येऊ लागला, तोही अमेरिकेतून. बॉस्टनच्या आसपासच्या तळ्यांवर हिवाळ्यात करवतीने कापलेल्या लाद्या भुशात गुंडाळून, ज्या समुद्रवाटेने मिशनरी आले त्याच वाटेने चार-चार महिन्यांचा प्रवास करून बंदरात उतरत. मुंबईच्या श्रीमंतांना ती चैनीची चीज; मॅसॅच्युसेट्सहून आलेल्याला मात्र ते आपल्याच गावचे पाणी. पत्रालाही तेवढाच काळ लागे. पत्र जाऊन उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष लोटायचे आणि दरम्यान दोन्हीकडची माणसे बदललेली असायची.

माणसे जायची ती बहुधा पटकीने. हॅरिएटचे पती सॅम्युअल न्यूवेल पुढे मुंबईला येऊन मिळाले होते. त्यांनी इथे फिलोमेला थर्स्टनशी दुसरे लग्न केले आणि १८२१ मध्ये ते पटकीने वारले. फिलोमेलाने पुढच्याच वर्षी मिशनच्या छापखान्याचे जेम्स गॅरेट यांच्याशी संसार मांडला. आज ही घाई वाटते. पण परक्या मुलखात एकट्या बाईने राहावे अशी सोय तेव्हा नव्हती, आणि परत जायचे तर पुन्हा तोच समुद्र. गॉर्डन हॉल यांनी १८१६ मध्ये मुंबईतच मार्गारेट लुईस या इंग्रज बाईशी लग्न केले होते. मुलांची तब्येत मुंबईत टिकेना म्हणून १८२५ मध्ये ती त्यांना घेऊन अमेरिकेला निघाली. हॉल मागे राहिले. मार्च १८२६ मध्ये ते नाशिककडे गेले तेव्हा तिथे पटकी होती. जवळची औषधे वाटत ते परतीला लागले. वाटेतल्या एका गावी देवळाच्या ओसरीवर मुक्काम असताना त्यांनाही लागण झाली आणि काही तासांत सगळे आटोपले. वय ४१. ज्या मराठी नव्या कराराच्या भाषांतरात त्यांचा मोठा वाटा होता, तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

डिसेंबर १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे घातले. घाटावरची कोरडी हवा मुंबईपेक्षा बरी मानली जाई. तरी पहिल्या तुकडीतले विल्यम हर्वे वर्षाच्या आत पटकीने गेले आणि ॲलन ग्रेव्हज यांना प्रकृतीसाठी महाबळेश्वर गाठावे लागले. तिथे राहूनच ते काम करत राहिले आणि १८४३ च्या डिसेंबरात तिथेच वारले. उन्हाळ्यात महाबळेश्वर हा पुढे बहुतेक मिशनरी घरांचा नेम झाला. सगळ्यांत चिवट निघाल्या सिंथिया फॅरार, ज्यांना इथे संसारच नव्हता. बोर्डाने सुरुवातीला परदेशी पाठवलेल्या अविवाहित बायकांपैकी ही एक १८२७ मध्ये मुंबईत आली, १८३९ पासून नगरला राहिली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. जोतिराव फुले यांनी पाहिलेली नगरची मुलींची शाळा त्यांचीच.

मुलांचा प्रश्न मात्र कुठल्याच ठाण्याला सुटला नाही. मूल आयाच्या कडेवर वाढे, पहिले शब्द मराठी बोले, इंग्रजी त्याला आई-बापांची भाषा म्हणून मागाहून येई. सात-आठ वर्षांचे झाले की त्याला ‘घरी’ धाडायचे. हे घर मुलाने कधी पाहिलेले नसे. तिकडे आजोळी किंवा एखाद्या पाद्र्याच्या कुटुंबात ठेवायचे आणि दहा-दहा वर्षे तोंड बघायचे नाही. कोडाईकनालला मिशनरी मुलांसाठी शाळा निघाली ती १९०१ मध्ये. तोवर दोन पिढ्या अशाच वाढल्या. त्यागाच्या हिशेबात हवा, रोगराई आणि एकटेपणा यांचा उल्लेख नेहमी होतो. मुलांची ताटातूट त्याहून जड होती, आणि तिची किंमत मोजली मुलांनी.

तरी यातली काही मुले मोठी होऊन परतही आली. ह्यूम कुटुंबात हे स्पष्ट दिसते. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि हॅना १८३९ मध्ये मुंबईत आले. मुलगा रॉबर्ट ॲलन १८४७ मध्ये भायखळ्याला जन्मला. १८५४ मध्ये वडील आजारी पडून कुटुंबासह मायदेशी निघाले आणि वाटेतच समुद्रावर वारले. सात वर्षांचा मुलगा आईबरोबर अमेरिकेला पोचला, येल विद्यापीठात शिकला आणि १८७४ मध्ये परत आला. वर्षभरात धाकटा भाऊ एडवर्डही आला. रॉबर्टची पत्नी ॲबी ही एबेनेझर बर्जेस या जुन्या मिशनऱ्याची मुलगी. या बर्जेसनी शाळांसाठी मराठीत खगोलाचे पुस्तक करायला घेतले आणि त्या निमित्ताने सूर्यसिद्धांत या ग्रंथापर्यंत पोचले. त्यांचा इंग्रजी अनुवाद १८६० मध्ये अमेरिकेत छापला गेला. १८४६ मध्ये आलेले सॅम्युअल फेअरबँक नेवाशाजवळच्या वडाळ्याला राहिले. पक्ष्यांचा त्यांना असा नाद की पलनीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळाले ते त्यांच्या नावावरून. त्यांची पत्नी मेरी हीदेखील नगरच्या मिशनरी बॅलंटाइन यांचीच मुलगी. सोयरिकी अशा नगर-मुंबईतच जुळू लागल्या, म्हणजे वस्ती रुळली होती असे म्हणायला हरकत नाही.

जस्टिन ॲबट यांचा प्रवास या सगळ्यांहून वळणाचा. जन्म १८५३ चा, न्यू हॅम्पशरमधला. बालपण मिशनरी आई-वडिलांबरोबर मराठी मुलखात गेले. शिक्षण अमेरिकेत. १८८१ मध्ये ते स्वतः मिशनरी म्हणून मुंबईला आले आणि बरीच वर्षे राहून न्यू जर्सीतल्या समिट गावी स्थायिक झाले. वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी तिथून एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रे आणि रचना इंग्रजीत आणायला सुरुवात केली. १९२६ पासून या मालेची पुस्तके पुण्यात निघत राहिली. १९३२ मध्ये ॲबट वारले. महीपतींच्या ‘भक्तविजया’चे भाषांतर त्यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्यासह केले होते. ते दुसऱ्या वर्षी पुण्यातच छापून बाहेर पडले.